उजवा कौल

उंबरखारच्या लोकांना रेल्वेचं फाटक नकोसं झालं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे घडलं त्याचा सगळा दोष रेल्वेच्या माथी मारायचा मोह होतो, आणि काही दिवस गावानं तो तसा मारलाही. पण फाटक जावं म्हणून सह्या, मोर्चा, आमदाराच्या घरी खेपा हे सगळं गावानंच हौसेनं केलं होतं.

पेणहून रोह्याकडं जाणारी लाइन उंबरखारच्या मधून जाते. डोंगराच्या अंगाला मूळ गाव आणि गावदेवीचं देऊळ, खाडीच्या अंगाला पलीकडवाडी, आणि मधे फाटक. एकेरी लाइन होती तोवर गाड्या मोजक्या, आणि गेटमन गावच्या माणसांबरोबर तंबाखू मळत बसायचा. लाइन दुहेरी झाली, वर विजेच्या तारा आल्या, मालगाड्या वाढल्या, आणि फाटक एकदा पडलं की उघडायचं नाव घेईना. शाळेचा टेम्पो अडकायचा. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाणारी पोरं अडकायची. कंपनीच्या शिफ्टला उशीर झाला म्हणून कितीतरी जणांचे खाडे लागले. पलीकडवाडीची एक बाई तर फाटकाशी उभ्या रिक्षातच बाळंत झाली. त्या पोराला गाव अजून गेटमन म्हणतं.

मग रेल्वेचे साहेब आले. तरुण, गोड बोलणारे, उन्हानं लाल झालेले. शाळेच्या टेबलावर नकाशा पसरून म्हणाले, "सगळ्या लाइनीवरची फाटकं काढायची आहेत. मुंबईच्या बाजूची बरीच गेली. आता तुमची पाळी." एक तर उड्डाणपूल होईल, नाहीतर भुयारी मार्ग. पुलाच्या दोन्ही उतारांखाली चांगली भाताची जमीन जात होती. तेव्हा जमीनवाल्यांनी एकमुखानं भुयारी मार्ग पत्करला, आणि ज्यांना जमीनच नव्हती त्यांनीही त्यांच्या सुरात सूर मिसळला. भुयारी मार्ग हा शब्द त्या दिवशीपुरताच टिकला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव बोगदा.

गावात काहीही मोठं ठरायचं म्हणजे शेवटचा शब्द देवीचा. तिची पूजा पुंडलिकच्या घराण्याकडं होती आणि कौल लावायचं कामही त्याचंच. कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. फाटकाच्या वेळी पुंडलिकचं गाऱ्हाणं पुरतं होतंय न होतंय तोच उजवी पाकळी खाली आली. लोक खूश झाले. देवीलासुद्धा फाटकाचा कंटाळा आला होता, असं कुणीतरी म्हणालं आणि देवळात हशा पिकला.

बोगद्यात माणसं गाडीच्या खालून जाणार, हे सगळ्यांच्या ध्यानात होतं. देवीची पालखीही माणसांच्याच खांद्यावरून जाते, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. पुंडलिकच्याही नाही, आणि तो तर जन्मभर पालखीच्या पुढं चालत आलेला.

त्याच्या डोक्यात तेव्हा वेगळंच काही चाललं होतं, आणि ते त्याच्या बहिणीचं होतं. हौसा पलीकडवाडीला दिलेली. तिच्या नवऱ्याचं, रघूचं, बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं. अशी भांडणं गावकीपुढं मिटवायची ही रीत. रघू पडला तिरसट. तो गावकीला न विचारता सरळ पेणला कचेरीत अर्ज देऊन आला. गावकीला ते झोंबलं आणि तिनं रघूचं घर वाळीत टाकलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, लग्नाकार्याला बोलावायचं नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चैत्रात देवीची पालखी घरोघर फिरेल तेव्हा ती त्याच्या अंगणात थांबायची नाही.

दहा-अकरा वर्षं हे चाललं. दर चैत्रात पालखी पलीकडवाडीला जाई, एकेका दारात थांबे, बाया ओटी भरत, पोरं पालखीखालून निघत. हौसाचं घर आलं की ढोल बंद. खांदेकरी पावलं उचलून चालत. पालखीच्या पुढं हातात घंटा घेऊन पुंडलिक असे, तो खाली मान घालून बहिणीच्या दारावरून पुढं जाई. हौसा दार लावून आत बसलेली असे. नंतरच्या भाऊबीजेला ती पेणच्या एसटी स्टँडवर येई, पिशवीतून निरांजन काढून बाकड्यावरच भावाला ओवाळी, आणि चैत्रातल्या त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नसे. पुंडलिकला त्याचीच जास्त लाज वाटे. ती चार शिव्या देती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग काळ बदलला. वाळीत टाकणं हा गुन्हा झाला, पोलीस पाटलाकडं विचारणा होऊ लागली, आणि गावकीतली हट्टी म्हातारी माणसंही एकेक करून गेली. उरलेल्यांत बाबाजी मुख्य. बाबाजी माणूस वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीचा उगम शोधल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. दसऱ्याला त्यानं रघूच्या घराला परत घ्यायचा विषय काढला. कौल लावला. पुंडलिकनं त्या वेळी मुद्दाम दोन्ही पाकळ्या सगळ्यांना दाखवून लावल्या, बहिणीचा मामला म्हणून कुणी बोट दाखवायला नको. उजवी पडली. रघूनं नारळ फोडला आणि बाबाजीनं जाहीर केलं, "येत्या चैत्रात पालखी हौसाच्या अंगणात थांबंल. ती थांबली का समजा घर गावात आलं. मग पाणी, पान, समदा सुरू."

म्हणजे चैत्रापर्यंत काहीच सुरू होणार नव्हतं, पण हौसाला त्याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं काढली, अजून सहा महिने काढायचे.

त्या सहा महिन्यांत रेल्वेनं फाटक काढलं. दोन्ही बाजूंनी भिंत बांधली, वर लोखंडी जाळी मारली. जुन्या फाटकापासून थोडं पुढं लाइनीखाली सिमेंटचे मोठे चौकोनी खोके सरकवले, उतार केले, दिवे लावले. पहिल्या दिवशी लोकांनी उगीचच चार-चार फेऱ्या मारल्या. जमीन खाडीकडची, त्यामुळं बोगद्याच्या तळाला कोरड्या दिवसांतही खारं पाणी पाझरायचं. पण पाणी घोट्याएवढंच आणि फाटकाशी थांबायची कटकट गेलेली, म्हणून कुणी कुरकुर केली नाही.

शिमगा झाल्यावर पालखी पुंडलिकच्या घरच्या माळ्यावरून काढली, चिंचेनं घासली, आणि ती उन्हात वाळत असताना बाबाजी एकदम म्हणाला, "पण मी काय बोलतो, ही जाणार कुठून?"

कुणाला आधी कळेना. मग सगळ्यांनाच एकदम कळलं. देवीच्या डोक्यावरून काही जाऊ द्यायचं नाही, हा उंबरखारचा जुना नेम. तिच्या देवळाला माळा नाही. पालखीच्या वाटेवर कुणाच्या माडीवर माणूस उभा असला तर त्याला खाली उतरवतात. आणि आता अख्खी मालगाडी, तिच्यातला कोळसा, ड्रायव्हर आणि गार्ड यांच्यासकट, देवीच्या डोक्यावरून जाणार.

बाबाजी, पुंडलिक आणि आणखी दोघं रोह्याला गेले. तिथं तेच गोड बोलणारे साहेब भेटले. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. एका दिवसापुरती भिंतीतून वाट मिळेल का, असं बाबाजीनं विचारलं.

"काका, मला तुमचं पटतं," साहेब म्हणाले. "माझ्या गावीपण पालखी आहे. पण वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे, खाली दोन्ही लाइनींवर गाड्या पळतात. तिथं आता फाटक नाही म्हणजे कागदावर रस्ताच नाही. नसलेल्या रस्त्याची परवानगी मी कशी देऊ?"

"मंग दुसऱ्या फाटकातून?" पुंडलिकनं विचारलं.

पुढचं फाटक होतं, पण ते शेजारच्या गावच्या शिवेत. तिथली देवी वेगळी. तिच्या आमंत्रणाशिवाय उंबरखारची पालखी तिची शीव ओलांडत नाही, हे साहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता. बाबाजीनंच पुंडलिकला कोपरानं ढोसलं आणि ते उठले. साहेब दारापर्यंत पोचवायला आले. भांडायला माणूस वाईट लागतो, आणि इथं तर तोही मिळाला नाही.

गावकी बसली. एकजण म्हणाला, या वर्षी पालखी लाइनीपर्यंत नेऊन परत फिरवू, पलीकडच्या बायांनी देवळात येऊन ओटी भरावी. बऱ्याच जणांना ते पटलं. पलीकडवाडीच्या बाकीच्या घरांचंही त्यात काही अडत नव्हतं. एक वर्ष पालखी आली नाही म्हणून त्यांना कुणी परकं म्हणणार नव्हतं. अडणार होतं ते फक्त हौसाचं, कारण ज्या अंगणात पालखी थांबलेलीच नाही त्या घरचं पाणी अजून कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. आज पालखी लाइनीवरून परत फिरली तर पुढच्या वर्षीही ती फिरणार होती, आणि त्याच्याही पुढच्या. पुंडलिकला हे दिसत होतं. पण तो गावकीत बोलला असता तर सगळे म्हणाले असते, बहिणीसाठी बोलतोय. आणि ते खरंच होतं.

शेवटी बाबाजी म्हणाला, "आपण कोन ठरवनारे? देवीलाच इचारू. उजवा दिलान तर बोगद्यातून न्यायची, डावा दिलान तर लाइनीवरून फिरवायची." उद्या सकाळी कौल आणि परवा पालखी, असं ठरलं.

त्याच दुपारी हौसा देवळात आली. बोगद्यातून चालत आली होती, लुगड्याचा काठ ओला होता. देवळाच्या पायरीवर बसून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"दादा, अंगण सारवून झाला. गेरूचा पट्टाबी वढला. वटीचा खण कसला आनू, हिरवा का लाल?"

"कुठलाबी आन गो."

"कुठलाबी कसा? पहिल्यांदा येते ती माझ्या दारात." मग जरा थांबून म्हणाली, "यांनी तर दारातला पेरूच तोडला. पालखी वळायला जागा नाय बोलले. एवढा गोड पेरू, मना इचारलासुदा नाय."

पुंडलिक हसला नाही. रघूसारखा आडमुठा माणूस अंगणातलं झाड तोडतो म्हणजे त्यानं किती आस धरली असेल, हे त्याला कळलं. उद्याच्या कौलाचं हौसाला माहीत होतं. तिनं त्याबद्दल विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाली, "देवी काय ती देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. पुंडलिक गाभाऱ्यात गेला. लोकांकडं त्याची पाठ होती, ती नेहमीचीच. पूजेच्या तबकात पाण्याची वाटी होती आणि शेजारी उगाळलेल्या गंधाची वाटी. गंध ताजं, दाट होतं. बापानं त्याला लहानपणी शिकवलं होतं, पाकळीला पाण्याशिवाय काही लावायचं नाही, देवीच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. ही शिकवण त्यानं कधी मोडली नव्हती. मोडावी असं कधी मनातही आलं नव्हतं, कारण कौलातून त्याला स्वतःला कधी काही हवंच नव्हतं.

त्यानं उजवी पाकळी पाण्यात बुडवून लावली. डावी पाकळी उचलली आणि तिच्या पाठीला बोटभर गंध लावून ती घट्ट दाबली. मग त्यानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

उजवी पाकळी पडली. मागं ढोलावर टिपरी पडली, बायांनी हात जोडले, आणि बाबाजी म्हणाला, "सुटला बाबा एकदाचा." डावी पाकळी पुंडलिकला नखानं सोडवून काढावी लागली. ती त्यानं निर्माल्यात टाकली आणि वरून झेंडू घातले.

त्या दिवशी मनाला खूप समजावलं त्यानं. देवी आई आहे, तिला लेक अंगणात बोलावते आहे, फाटकाचा रस्ता बंद झाला त्यात लेकीचा काय गुन्हा. आईला खरंच यायचं नसेल तर ती गंधाला थोडीच बधणार आहे. असं करत करत संध्याकाळपर्यंत त्याचा विश्वासही बसला की उजवा तिनंच दिला, आपण नुसता हात लावला.

पौर्णिमेला दुपारपासून पालखी निघाली. मूळ गावातली घरं झाली. ऊन कलतं झालं तसे सगळे लाइनीकडं वळले. पुढच्या खांद्याला कान्हू होता. पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारा, हाताचा स्थिर पोरगा. इतक्या वर्षांच्या सवयीनं खांदेकऱ्यांची पावलं आपोआप जुन्या फाटकाकडं गेली आणि पालखी भिंतीपुढं जाऊन उभी राहिली. कुणीतरी हसलं. मग ती वळवून बोगद्याच्या उतारावर घेतली.

फाटक होतं तेव्हाही पालखीला थांबावं लागायचं. पण ते थांबणं मजेचं होतं. गाडी धडधडत जायची, डब्यांच्या दारातली माणसं पालखीला हात जोडायची, आणि मग गेटमन फाटक उचलून स्वतः नारळ फोडायचा. पुंडलिकला उतारावरून जाताना ते आठवलं. समोर बोगद्याचं तोंड होतं, आत पांढरे दिवे, तळाला पाणी, आणि पलीकडच्या तोंडाशी उन्हात पलीकडवाडीच्या बाया उभ्या. सगळ्यांच्या पुढं हौसा होती. हातात ओटीचं ताट, त्यावर हिरवा खण. शेवटी हिरवाच आणलान, असं त्याच्या मनात आलं.

पालखी बोगद्याच्या तोंडाशी आली आणि वर हॉर्न वाजला.

मालगाडी होती, लांबलचक. खोका असा घुमला की ढोलवाल्याचा हात थांबला. छताच्या सांध्यातून बारीक माती पालखीच्या छत्रावर पडली. पुढची सगळी माणसं वर बघायला लागली. डबे संपेनात. कान्हू होता तिथंच उभा राहिला. डोळे छताला लागलेले आणि दोन्ही हातांनी दांडा आवळून धरलेला, हे पुंडलिकला स्वच्छ दिसलं.

"चल रं," पुंडलिक म्हणाला.

"नाय उचलत, दादा. जड झाली."

तो शब्द मागं पोचला. पालखी जड होणं म्हणजे काय, ते लहान पोरालाही ठाऊक असतं. देवीला पुढं यायचं नसलं की ती वजन टाकते. बाबाजीनं खांदेकरी बदलले. नव्या चौघांनी दांडा खांद्यावर घेतला, एक पाऊल टाकलं आणि त्यांचेही पाय पाण्याच्या कडेला रुतल्यासारखे थांबले. चौघांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या, ते काही सोंग नव्हतं.

पुंडलिकनं मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. आई, चल, लेकरं वाट बघतात, असं काहीबाही तो बोलत होता. पोरं गाडीला भ्यालीत, का आई खरीच रागावली, हे त्याला ठरवता येईना. इतरांनी कौल खरा धरला होता. तो खोटा आहे हे एकट्या पुंडलिकला माहीत होतं, त्यामुळं तिथं जमलेल्या सगळ्यांत देवीच्या नकारावर विश्वास ठेवायला सर्वांत जास्त कारण त्यालाच होतं. आपण तिच्या तोंडात शब्द घातला आणि तिनं तो सगळ्यांदेखत परत काढून दाखवला, असं त्याला वाटलं.

"फिरवा," बाबाजी म्हणाला.

पालखी फिरवताच हलकी झाली. खांदेकरी उतार जवळजवळ पळतच चढले. पुंडलिकनं एकदा मागं वळून पाहिलं. पलीकडच्या बाया कुजबुजत पांगत होत्या. हौसा ताट घेऊन तशीच उभी होती. गाडी केव्हाच गेली होती, पण भाऊ-बहिणींतल्या त्या बोगद्यातून एकमेकांना हाक मारायचंही दोघांना सुचलं नाही.

देवळात पालखी टेकवून सगळे तिथंच बसले. मग बाबाजीनं, त्याच्या स्वभावाप्रमाणं, उगम शोधायला सुरुवात केली.

"मना एक सांगा. देवीला बोगदा नको असता तर तिनं काल डावा दिला नसता? दिलान तर उजवा. म्हंजे बोगद्याचा तिला काय नाय. गाडीचा काय नाय."

लोकांनी माना डोलावल्या.

"मंग जड का झाली? जिथं जायची ती जागा तिला पटली नाय, दुसरा काय? पलीकडची बाकी घरा तर जुनीच. या वर्षी नवा घर एकच होता."

नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. रघूचा नारळ फुटला पण दोष फिटला नाही, असं म्हणायलाही कुणाला पुढं यावं लागलं नाही. ते आपोआपच ठरून गेलं. कुणी रागावलेलं नव्हतं. उलट सगळे हळहळत होते, आणि ते हळहळणं पुंडलिकला शिव्यांहून वाईट लागलं.

त्याच्या ओठांवर आलं होतं. मी डाव्या पाकळीला गंध लावलं, एवढं एक वाक्य. डावा पडला असता तर गावानं रेल्वेला शिव्या घातल्या असत्या, पालखी लाइनीवरून फिरली असती, हौसाला सगळ्यांनी बिचारी म्हटलं असतं. आता ती पापी ठरत होती, आणि ती त्यानं ठरवली होती. वाक्य बोलायचं म्हणून त्यानं बाबाजीकडं पाहिलं, आणि पुढचं त्याला दिसलं. बाबाजी पहिला प्रश्न विचारील, दसऱ्याला लावलेला कौल तरी खरा होता काय? बहिणीसाठी आज गंध लावणाऱ्यानं दसऱ्याला लावलं नसेल कशावरून? दोन्ही पाकळ्या दाखवून लावल्या होत्या, हे कोण आठवणार? मग दसऱ्याचा नारळही फुकट जाईल आणि हौसाचं घर पुन्हा पुरतं वाळीत पडेल. बोललं तरी ती बुडते, न बोललं तरी बुडते. पुंडलिकनं घंटा खुंटीला अडकवली आणि तो बाहेर पडला.

दिवेलागणीला तो बोगद्यातून पलीकडं गेला. पाण्यातून जाताना वरून एक पॅसेंजर गेली आणि तो नकळत खाली वाकला. वाडीत लोक अंगणात बसले होते. त्याला पाहून दोघा-तिघांनी रामराम केला, पण हौसाच्या घराकडं वळताच ते दुसरीकडं बघू लागले. त्यांच्याही दारात या वर्षी पालखी आली नव्हती, आणि ती कुणापायी आली नाही हे त्यांना तोवर कळलं होतं.

अंगण सारवलेलं, रांगोळी पालखी ठेवायच्या जागेभोवती काढलेली. पेरूचं ताजं खोड शेणानं लिंपलेलं होतं. रघू ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. एरवी गावकीला दहा शिव्या घातल्याशिवाय न बोलणारा माणूस, पण मेव्हण्याला पाहून त्यानं नुसती सरकून जागा करून दिली. हौसानं चहा आणला, आणि या घरचं पाणी अजून बंद असूनही पुंडलिकनं तो नाकारला नाही. चहा देताना ती भावाच्या समोर उभी राहिली.

"दादा, एक इचारू? रागावशील नाय ना?"

"इचार गो."

"काल कौल उजवाच दिलान ना तिनं? लोकांच्या तोंडून ऐकला मी. तू सांग."

पुंडलिकच्या हातात कप होता. रघूनंही मान वर केली होती. हे दोघंच होते, बाहेर कुणाला कळायचं नव्हतं. सांगावं आणि मोकळं व्हावं, असं एक क्षण त्याच्या मनात आलं. पण रघूला तो ओळखत होता. उद्या सकाळी रघू गावकीच्या तोंडावर हे फेकून मारल्याशिवाय राहिला नसता.

"व्हय," तो म्हणाला. "उजवाच."

हौसानं मान हलवली. खूप दिवसांचं एखादं कोडं सुटावं तशी ती शांत झाली. तिनं ओटीचं ताट आत नेऊन ठेवलं, खणाची घडी घातली, आणि परत येऊन उंबऱ्यावर टेकली.

"मंग तिनं तर यायचा म्हटला व्हता. माझाच कायतरी चुकला असंल. इतकी वर्सं लोक उगाच करतात, लोक वाईट, असा मनात धरून बसलेली मी. आता तीच दारापासून फिरली म्हटल्यावर कुनाला काय बोलायचा?" ती जरा थांबली. "दुसऱ्या कुनी सांगितला असता तर मी मानला नसता, दादा. तुझा कौल म्हनून मानला."

पुंडलिकनं चहा संपवला. तो खारट लागला की गोड, त्याला कळलं नाही. मग हौसानं कप उचलला आणि धुवायला आत घेऊन गेली.